उत्क्रांतिवादाचे अध्यापन आणि कायद्याची मर्यादा

शाळेत उत्क्रांतिवाद शिकवावा की बायबलातील सृष्ट्युत्पत्तीची कथा, या वादात अमेरिकेतील न्यायालयांनी वेळोवेळी निर्णय दिले आहेत. १९२५ साली टेनेसी राज्यात उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्कन्सॉ राज्यातील तशीच बंदी घटनाबाह्य ठरविली. पुढे १९८७ मध्ये, उत्क्रांतिवाद शिकविल्यास त्याच्या जोडीने ‘सृष्टिविज्ञान’ही शिकविलेच पाहिजे, असा लुइझियानाचा कायदा रद्द झाला. दोन्ही निर्णयांचा आधार एकच : शासनाने धर्माची प्रस्थापना करू नये.

आपल्याकडे या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असून अभ्यासक्रम बदलावा, असे म्हटले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचे खंडन केले. अभ्यासक्रम त्या विधानाने बदलला नाही. मात्र २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, आणि कारण सांगितले गेले ते अभ्यासाचा भार हलका करण्याचे. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला. परंतु जीवशास्त्र न घेणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही. त्याच वर्षी राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे पहिलेच प्रकरण होते. नाशिकच्या एकाच आळीतील दोन मुलांपैकी एकाने ते अभ्यासावे आणि दुसऱ्याने नाही, असे त्यामुळे घडले.

कायदा येथे काय करू शकतो? संविधानाचा अनुच्छेद २८(१) पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणास मनाई करतो. ही मनाई पुस्तकात काय घालू नये याविषयीची आहे. काय गाळू नये याविषयी ती मौन पाळते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन विकसित करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. पण केवळ त्या कर्तव्याच्या आधारे न्यायालयाकडून एखादे प्रकरण पुस्तकात परत आणविणे दुष्कर होय. ऑक्टोबर २०२३ मध्ये डार्विनच्या सिद्धान्ताला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेण्याचे नाकारले, ते योग्यच झाले. परंतु जे न्यायालय विज्ञानाचा खरेखोटेपणा ठरवीत नाही, त्याने अभ्यासक्रमाची राखण करावी अशी अपेक्षाही धरता येत नाही.

आर्कन्सॉची बंदी कायद्यात लिहिलेली होती, म्हणून तिचा हेतू तपासता आला. ‘भार कमी करणे’ या शब्दांत तपासण्याजोगे फारसे हाती लागत नाही. अशा वेळी ही जबाबदारी अभ्यासमंडळांवर, म्हणजे अखेर अध्यापकांवरच, येऊन पडते.