सगळ्यांनाच दरोडेखोर व्हायचंय!

टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ माहीत आहे? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे पात्रं होतात.

आपण यवतमाळची गोष्ट घेऊ. कापसाच्या गाठी घेऊन मूर्तिजापूरला निघालेली, अरुंद रुळांवरची जुनी शकुंतला गाडी. तुम्ही तिचे राखणदार. पण चौघं म्हणाले, "आम्ही दरोडेखोरच होणार!" तर? खेळ मोडू नका. (रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीणच पोरांना जास्त आवडते की नाही?) गोष्ट तेवढी फिरवा. लुटा गाठी! दुसऱ्या दिवशी व्यापारी शेतकऱ्याला म्हणतो, "माल गेला, तुझे पैसे कुठून देऊ?" तो शेतकरी दरोडेखोराचा मामाच निघतो. आता बोला मामाशी!

वाल्या कोळ्याच्या गोष्टीत नारदाने हेच केलं. नुसतं विचारलं, या पापात घरचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी विचारायला गेला नि गोष्टच पालटली.

एक मात्र आधीच ठरवा. लुटायचं ते गोष्टीतल्या लोकांना, सोबतच्या गड्याला नाही. अन् कुणी "थांब, भीती वाटते" म्हटलं, की फासे खाली.