धनी ठाऊक नसलेलें धन : हनफी शास्त्रांतील विचार

मराठींत 'बेवारस' हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींस सरसकट लावण्यांत येतो : वारस न ठेवतां मेलेल्याची मालमत्ता, आणि जिचा धनी ठाऊक नाहीं अशी सांपडलेली वस्तु. मोंगली अमदानींत औरंगाबादेचा (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) काजी ज्या हनफी शास्त्राप्रमाणें निवाडा करी, त्यांत या दोहोंची गल्लत नाहीं. पहिल्या धनास मालक उरलेला नसतो. दुसऱ्यास तो असतो, फक्त कोठें आहे तें कळत नाहीं. हा भेद न ओळखल्यास त्या काळच्या सरकारजमेचा अर्थच चुकतो, म्हणून हा खुलासा.

या शास्त्राचा मोठा अरबी संग्रह 'फतावा-इ-आलमगिरी' हा औरंगजेबाच्या आज्ञेनें बऱ्हाणपूरच्या शेख निजामाच्या देखरेखीखालीं सिद्ध झाला. १६८२ त बादशहा दक्षिणेच्या स्वारीसाठीं औरंगाबादेस येऊन पोहोंचला, त्यापूर्वींच तो पुरा झालेला होता. त्यांत सांपडलेल्या वस्तूचें, म्हणजे 'लुकता'चें, स्वतंत्र प्रकरण आहे.

वस्तु उचलणाऱ्यानें ती धन्यास परत देण्याकरितां घेत असल्याचें साक्षीदारांपुढें सांगावें. मग ती त्याजपाशीं अमानत होते. त्याच्या कसुरावांचून नष्ट झाल्यास भरपाई नाहीं. स्वतःकरितां उचलली तर मात्र तो गासिब, म्हणजे बळकावणारा ठरतो. पुढें बाजारांत व मशिदींच्या दारांशीं पुकारा करावयाचा. दहा दिरहम वा अधिक किमतीच्या वस्तूस एक वर्ष, कमीस कांहीं दिवस, असें एक मत. धनी आतां शोध करणार नाहीं अशी खात्री पटेपर्यंत, असें दुसरें. नाशवंत अन्नाचा पुकारा तें नासूं लागेपर्यंतच. फेकलेल्या डाळिंबाच्या सालींस पुकारा नको, इतक्या बारकाव्यापर्यंत शास्त्रकार उतरले आहेत!

धनी न आल्यास वस्तु दान करावी. उचलणारा स्वतः गरीब असल्यास त्यानें वापरावी. खरी मेख याच्या पुढें आहे. दानानंतर धनी उगवला तर त्यानें दान मान्य करून पुण्य घ्यावें, किंवा उचलणाऱ्याकडून किंमत भरून घ्यावी. कालावधीनें मालकी बुडत नाहीं. शाफी पंथांत वर्षानंतर सधन माणसासही ती वस्तु स्वतःची करतां येते, परंतु धनी आल्यावर परतफेड तेथेंही सुटत नाहीं. आमच्या मनूनें असें धन राजानें तीन वर्षें ठेवावें, त्यानंतर स्वतः घ्यावें असें म्हटलें आहे, आणि याज्ञवल्क्यानें मुदत एकच वर्ष धरली आहे. या मुद्द्यावर हनफी शास्त्र धन्याच्या बाजूनें अधिक कडक दिसतें. रिझर्व बँकेच्या २०१४ च्या योजनेंत दहा वर्षें दावा न झालेल्या ठेवी वेगळ्या निधींत जातात, तरी ठेवीदाराचा हक्क कायम राहतो. तो विचार याच जातीचा आहे.

हनफी ग्रंथकार बैतुलमालाचे चार कप्पे मानतात. त्यांपैकीं एकांत बिनवारशी मालमत्ता व लुकता ही दोन्ही जमा होत, आणि त्यांतून गरीब रोग्यांचें औषध, निर्धनाचें दफन व टाकलेल्या मुलांचें पोषण व्हावयाचें. कप्पा एक, हक्क मात्र निराळे. १६०५ त जहांगिरानें बिनवारशी धन मशिदी, सराया, पूल, तळीं व विहिरी यांवर खर्चावें असें फर्माविलें होतें, तें पहिल्या प्रकारापुरतेंच.

बेपत्ता माणसाचा प्रश्न यास लागूनच आहे, आणि दक्षिणेंतील दीर्घ मोहिमांच्या काळीं तो महत्त्वाचा होता. त्याच्या जन्मापासून नव्वद वर्षें होईपर्यंत, किंवा दुसऱ्या मतें गांवांतील त्याचे समवयस्क मरून जाईपर्यंत, त्यास मेलेला धरीत नाहींत. तोंवर काजीनें नेमलेला इसम त्याची मालमत्ता राखी. त्यांतून बायकामुलांस पोटगी मिळे, वांटणी मात्र होत नसे. अशा माणसाचा वाडा वा जमीन सरकारांत जमा झाल्याचा कागद आढळल्यास तो 'बेवारस' म्हणून बाजूस न ठेवतां, जप्ती कोणत्या हक्कानें झाली हें आधीं पहावयास हवें.