पडद्यावरचा जमाखर्च

मला मनापासून आवडलेल्या मराठी चित्रपटांची यादी काढायला बसले, तेव्हा लक्षात आलं की यातल्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात कुणीतरी पैसे मोजतंय. कुणी घरभाडं, कुणी बैलाची किंमत, कुणी जामिनाची रक्कम. प्रेम, भक्ती, राजकारण, विनोद हे सगळं आहेच. पण ते चालू असताना त्या घरात डाळ-तांदूळ कुठून येतात हे दिग्दर्शकाला ठाऊक असतं आणि तो ते आपल्यापासून दडवत नाही.

मी समीक्षक नाही. नोकरीची सगळी वर्षं सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. सिनेमा पाहिला तो दूरदर्शनवर, सुट्टीत थिएटरला जाऊन आणि आता मुलांनी लावून दिला तर मोबाइलवर. कॅमेऱ्याचा कोन आणि संकलनाची लय यांवर मी बोलू नये. मात्र टेबलासमोर बसलेल्या माणसाला किती हवेत, कशाला हवेत आणि तो परत कुठून करणार, हे विचारण्यात आयुष्य गेलं. सिनेमातल्या माणसांनाही मी मनातल्या मनात तेच विचारते. ज्यांची उत्तरं पटली, ते चित्रपट या यादीत आहेत.

जिजाई आणि लाख रुपये

पहिला ‘संत तुकाराम’ (१९३६). दामले-फत्तेलाल या जोडीने प्रभातसाठी केलेला हा चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहून लोक हात जोडत. माझी नजर मात्र गौरीच्या जिजाईवर खिळते. तुकोबा विठ्ठलाकडे पाहतात आणि ती रिकाम्या मडक्याकडे पाहते. पोर आजारी पडतं तेव्हा ती थेट देवळात जाते, वहाण हातात घेऊन विठोबालाच फैलावर घेते. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा तिचा आणि मुलांचा जीव हरखतो, आणि तुकोबा तो नाकारतात. एखाद्या सुमार दिग्दर्शकाने इथे जिजाईला लोभी ठरवून मोकळं केलं असतं. दामले-फत्तेलाल तसं करत नाहीत. वैराग्य नवऱ्याचं आणि उपास सगळ्या घराचा, हे त्यांनी तिच्या तोंडून स्वच्छ ऐकवलंय. चमत्कारांचं छायाचित्रण आज जुनं वाटतं, जिजाईची कटकट मात्र अजून ताजी आहे.

प्रभातचाच ‘कुंकू’ (१९३७) हा शांतारामबापूंचा चित्रपट ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवर बेतलेला. नीराचं लग्न म्हाताऱ्या बिजवराशी लावून दिलं जातं, आणि त्या लग्नाच्या मुळाशी व्यवहार आहे. तो व्यवहार मान्य करायला नीरा नकार देते. शांता आपट्यांनी ही नीरा अशा ताठ मानेने केली आहे की नव्वद वर्षं होत आली तरी तिची दया येत नाही, धाकच वाटतो. केशवराव दात्यांच्या काकासाहेबांचं मन हळूहळू बदलत जातं, तेही पटतं. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, घड्याळाचे ठोके आणि घरातले आवाज आहेत. अशा घरात भिंतीवरचं घड्याळ एवढं मोठ्याने ऐकू येणारच.

मग १९५२ सालचा ‘लाखाची गोष्ट’. दिग्दर्शन राजा परांजपे, लेखन गदिमा, संगीत सुधीर फडके. लग्नासाठी उत्सुक तरुणांपुढे अट ठेवली जाते ती पैसे कमावण्याची नव्हे, खर्च करण्याची. एक लाख रुपये ठरलेल्या मुदतीत उडवून दाखवायचे. राजा गोसावींसारखा नट समोर असल्यावर हसू येतंच. पण हा विनोद कळायला मध्यमवर्गीय घरात वाढलेलं असावं लागतं. लहानपणापासून काटकसरीची शिकवण मिळालेल्या माणसाला उधळपट्टी करायला सांगितली की त्याचा हातच चालत नाही. याच त्रयीच्या ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मधला नायक याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभा आहे. खिशात काही नाही आणि सोबत रस्त्यावर गाणारी आंधळी मुलगी. ती भूमिका सीमाताईंनी केली आहे. फडक्यांची गाणी लोकांना पाठ आहेत. ती गाणी रस्त्यावर चार पैशांसाठी म्हटली जातात, हे मात्र रेडिओवर ऐकताना विसरायला होतं.

आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) यादीत हवाच. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. आपल्याकडे तो संस्कारांचा चित्रपट म्हणून मुलांना दाखवतात. मी पाहते ती कर्जात बुडत चाललेल्या कोकणातल्या घराची गोष्ट. वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर वात्सल्य आहे तसाच सावकाराचा माणूस दारात येण्याचा धसकाही आहे. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी बायकांच्या चेहऱ्यावर तो धसका मी पाहिला आहे.

साखरेचे आणि सत्तेचे भाव

‘सामना’ आवडतो असं म्हटलं की लोक आदराने पाहतात, पण हा चित्रपट चांगला रंगतदारही आहे. निर्माते रामदास फुटाणे, लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या स्पर्धेत होता. सहकारी साखर कारखान्यांनी गावागावांत रस्ते, शाळा आणल्या आणि त्याचबरोबर नवे सरंजामदारही आणले. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा त्यांतलाच एक. त्याच्या वाड्यात दारुडा मास्तर येऊन पडतो. डॉ. श्रीराम लागूंचा हा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, की मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं. कारखान्याच्या ताळेबंदात नफा आहे, प्रगती आहे, फक्त एका माणसाची नोंद जुळत नाही. तपासणी करणारा माणूस अशी एक नोंद हाती लागली की सोडत नाही. मास्तर दारू पितो, पडतो, पण तोही सोडत नाही.

याच दिग्दर्शक-लेखक जोडीचा ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवरचा. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री खुर्ची वाचवण्यासाठी कोणाला काय द्यायचं याचं गणित मांडत राहतो आणि निळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस ते पाहत राहतो. आमदारांच्या गटांची मोजदाद आजच्या बातम्यांत ऐकली की हा चित्रपट पुन्हा लावावासा वाटतो.

सत्तर रुपयांची अमर उधारी

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) कोणत्या वाहिनीवर, कुठूनही सुरू झालेला असो, मी हातातलं काम ठेवून बसते. सचिन पिळगावकरांनी हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून तो केला. पटकथा-संवादांना वसंत सबनिसांचा हात लागला आणि सगळी गोष्ट पुण्याची होऊन गेली. चौघांना राहायला जागा हवी, घरमालकीणबाईंना बिऱ्हाडं हवीत जोडप्यांची, म्हणून दोघांनी लुगडं नेसायचं. हे सगळं सोंग भाड्याच्या खोलीसाठी आहे. शहरात नोकरीला आलेल्या एकट्या माणसाला जागा मिळवताना काय काय सोसावं लागतं, हे ज्याने भोगलं त्याला लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांच्या पदराआडची घालमेल दुप्पट हसवते. सुधीर जोशींच्या सरपोतदारांना औषधाचे सत्तर रुपये कधीच मिळत नाहीत. अशोक सराफांचा धनंजय माने ते ज्या थाटात बुडीत खात्यात टाकतो, तो थाट आमच्या एकाही थकबाकीदाराला साधला नाही.

दवाखाना, बैल आणि कॅमेरा

संदीप सावंतांच्या ‘श्वास’ने ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आणला. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे आणि जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. अरुण नलावड्यांचे आजोबा दवाखान्याच्या पायऱ्यांवर, कागदपत्रांच्या रांगेत ज्या बुजलेपणाने वावरतात, ते पाहून गावाहून आलेल्या प्रत्येक नातेवाइकाची आठवण येते. भारताकडून ऑस्करला पाठवल्यावर तिथल्या प्रचारासाठी निर्मात्यांकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढून ते जमवले. चित्रपटातली चणचण चित्रपटाच्याही वाट्याला आली.

‘टिंग्या’ (२००८) मंगेश हाडवळे यांचा. जायबंदी झालेला बैल कामाचा राहिलेला नाही. त्याला विकल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि घेणारा खाटीक आहे. शेजारच्या घरातली म्हातारी आजारी पडल्यावर तिला वाचवायला सगळे धावतात. मग माझ्या चितंग्याला का नाही, हा टिंग्याचा सवाल. शरद गोयेकर या मुलाने तो इतक्या सरळपणे विचारला आहे की बापाकडे उत्तर नाही आणि आपल्याकडेही नाही. कर्जाच्या अर्जात बैल म्हणजे एक रकाना असतो. हा चित्रपट पाहिल्यावर तो रकाना भरताना माझा हात थबकायचा.

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) मला दादासाहेब फाळके नव्याने भेटले. नंदू माधव यांचे फाळके हसतखेळत घरातल्या वस्तू विकतात, विमा पॉलिसी गहाण टाकतात, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणतात. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून ते रोप उगवतानाचं चित्रण करून दाखवतात. प्रकल्प अहवाल असा असावा! पण खरी भागीदार सरस्वतीबाई. घर रिकामं होत असताना ती रडत बसत नाही, फिल्मला भोकं पाडायला शिकते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला तो या दोघांची पत होती म्हणून.

उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) गावाला दवाखाना हवा की मंदिर, याचा निकाल अर्थकारण लावतं. केशाला दत्त दिसतो आणि बघता बघता फुलं, प्रसाद, पार्किंग असा बाजार उभा राहतो. गिरीश कुलकर्णींचा भाबडा केशा आणि नाना पाटेकरांचे हिशेबी भाऊ यांच्यामध्ये देवाचीच पंचाईत होते.

कोणाला काय परवडतं

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तला जब्या शालूवर जीव लावून बसलाय, पण त्याला आधी जीन्स हवी आहे. ती घेण्यासाठी तो गारेगार विकतो आणि सायकल गाडीखाली चिरडली जाते. बापाला लेकीच्या लग्नासाठी पैसे हवेत, म्हणून डुकरं पकडायचं काम नाकारता येत नाही, आणि सगळं गाव तमाशा बघायला जमतं. जात माणसाला कोणतं काम देते आणि त्या कामाचा किती मोबदला देते, हे किशोर कदमांच्या वाकलेल्या पाठीतून समजतं.

‘सैराट’ (२०१६) म्हटलं की लोकांना विहिरीतली उडी आणि अजय-अतुलची गाणी आठवतात. मला जास्त मोलाचा वाटतो हैदराबादचा भाग. बुलेट चालवणारी आर्ची पत्र्याच्या खोलीत येते, कारखान्यात कामाला लागते, परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. पैसे साठतात, स्कूटर येते, घर घ्यायचा विचार सुरू होतो. प्रेमाचा संसार कसा उभा राहतो हे एवढ्या तपशिलात हिंदी-मराठी प्रेमकथांत क्वचितच आलं असेल. म्हणूनच शेवटचा घाव इतका खोल जातो, कारण काय काय जमवलं होतं ते आपण पाहिलेलं असतं.

चैतन्य ताम्हणेंचा ‘कोर्ट’ व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला आणि मग राष्ट्रीय पुरस्कारही. संथ आहे, हे कबूल. पण ज्याला किराणा मालाची यादी वाचता येते त्याला तो कंटाळवाणा वाटणार नाही. बचाव पक्षाचा वकील दुकानातून वाइन आणि चीज घेतो. सरकारी वकील बाई लोकलमध्ये तेलाच्या किमतीवर बोलत घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. गटारात मेलेल्या कामगाराची बायको मदतीची रक्कम नको म्हणते, काम मागते. वीरा साथीदारांचा शाहीर नारायण कांबळे तारखांमागून तारखा भोगतो आणि जामिनाची लाखाची रक्कम वकीलच भरतो. एका खटल्याच्या खोलीत मुंबईतली किती वेगवेगळी महिन्याची बजेटं बसली आहेत, हे भाषणबाजी न करता दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

हिशेबात न बसणारे

सगळंच या कसोटीवर उतरत नाही. ‘जैत रे जैत’ (१९७७) मला स्मिता पाटील, ठाकरांचा ढोल आणि महानोर-हृदयनाथांच्या गाण्यांसाठी आवडतो. ‘झपाटलेला’ (१९९३) आवडतो तो रामदास पाध्यांच्या बाहुल्यासाठी आणि त्याला घाबरत घाबरत हसण्यासाठी. अविनाश अरुणच्या ‘किल्ला’तला पाऊस तर कशातच मोजता येत नाही. आणि तमाशापट? अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात १३१ आठवडे चालला. एवढ्या लोकांनी खिशातले पैसे पुन्हा पुन्हा काढून दिले, तिथे माझी कसोटी कोण विचारतो?

तरीही तक्रार एक आहे. अलीकडे पडद्यावर किल्ले, तलवारी आणि प्रशस्त दिवाणखाने वाढलेत. गृहकर्जाचा हप्ता, मोबाइलवरच्या ॲपने चालणारी नोकरी, सोयाबीनचा भाव, वृद्धाश्रमाची अनामत यांची गोष्ट सांगणारे चित्रपट शोधावे लागतात. मराठी माणूस पैशाबद्दल चारचौघांत बोलत नाही आणि एकटा असताना दुसरं काही मोजत नाही. यावर केवढे चित्रपट होतील!

ज्यांना या यादीतून दोनच पाहायचे असतील त्यांनी ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘कोर्ट’ एका आठवड्यात पाहावेत. एकात लाख रुपये खर्च कसे करायचे याची पंचाईत आहे आणि दुसऱ्यात तेवढ्याच रकमेवर माणसाची सुटका अडली आहे. मधल्या सहा दशकांत लाखाची किंमत किती घसरली ते बँका सांगतील. कोणासाठी ती अजिबात घसरली नाही, हे सांगायला मात्र सिनेमाच लागतो.