लसान्या आणि आमची पंगत

गेल्या दिवाळींत पुण्यास शिकणारा आमचा नातू हिंगोलीस घरीं आला आणि दुसऱ्याच दिवशीं त्यानें लसान्या खाण्याची इच्छा प्रकट केली. कणकेच्या पातळ पट्ट्या, त्यांमध्यें खिमा, दुधाचा दाट रस व चीज असे थर रचून भट्टींत भाजावयाचा हा इटालियन पदार्थ. खिम्याचें नांव निघतांच घरांत शांतता पसरली. आमच्या थोरल्या वहिनींच्या स्वयंपाकघरांत मांसाचा प्रवेश कधींच झालेला नाहीं. नातू म्हणाला, "मग मी मित्रांबरोबर बाहेरच जेवतों." ऐन सणांत मुलाचें पान रिकामें राहणार, हें वहिनींच्या जिव्हारीं लागलें.

मी संस्कृताचा शिक्षक. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त मांसाचे अनेक प्रकार वर्णिले आहेत, हें मला ठाऊक आहे. परंतु ग्रंथांत आहे तें सारें चुलीवर चढवावें असें नाहीं. आणि आपल्या चुलीवर चढत नाहीं म्हणून मुलास दोषी ठरवणेंही योग्य नव्हे. तेव्हां पदार्थाचें अंतरंगच तपासावयाचें आम्हीं ठरविलें.

पट्ट्यांचें कोडें वहिनींनींच सोडविलें. "भावजी, हीं तर आपलीं वरणफळें!" खरोखर, दोहोंचें तत्त्व एकच. इटलींत सुक्या पास्त्यासाठीं ड्युरम जातीचा कठीण गहूं वापरतात. 1967 पासून तेथें तसा कायदाच आहे. आपला बन्सी गहूं त्याच जातीचा. त्याचें पीठ घट्ट मळतां येतें आणि उकळत्या पाण्यांत पट्टी विरघळत नाहीं.

खिम्याच्या जागीं सोयाबीन आलें. आमच्या जिल्ह्यांतील खरिपाचें हें मुख्य पीक. तेल काढल्यावर उरलेल्या पिठापासून सोयाबीनचे दाणे करतात. त्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिनें असतात, आणि भिजल्यावर त्यांस खिम्यासारखा चावा येतो.

खरी अडचण चीजची. लिंबानें फाडलेलें पनीर उष्णतेनें वितळत नाहीं. रेनेट नामक विरजणानें जमविलेलें मोझरेला चीज वितळून तार धरतें. रेनेट पूर्वी वासराच्या जठरांतून काढीत. इटलींतील पार्मिजानो चीजला आजही तेंच लागतें. मात्र सूक्ष्मजीवांपासून केलेलें रेनेटही आतां सर्रास वापरतात. म्हणून वेष्टनावरील हिरवी खूण पाहून न थांबतां घटकांची यादीही वाचावी.

आतां कृति, सहा माणसांसाठीं. पाव किलो बन्सीचें पीठ मीठ घालून घट्ट मळावें व अर्धा तास झांकून ठेवावें. पातळ लाटून रुंद पट्ट्या कापाव्या व दोन-तीन मिनिटें उकडून घ्याव्या. 100 ग्रॅम सोयाबीनचे दाणे गरम पाण्यांत पंधरा मिनिटें भिजवून घट्ट पिळावे. दोन कांदे तेलावर परतून त्यांत पाऊण किलो टोमॅटो, तिखट, मीठ व दाणे घालून दाट होईतों शिजवावें. दुसरीकडे दोन चमचे लोण्यावर दोन चमचे मैदा परतून अर्धा लिटर दूध थोडें थोडें घालीत ढवळावें. शेवटीं जायफळ किसावें. तूप लावलेल्या भांड्यांत पट्ट्या, सोयाबीन, दुधाचा रस असे थर देऊन शेवटीं 150 ग्रॅम चीज पसरावें. 180 अंशांवर अर्धा तास भाजावें. भट्टी नसल्यास जाड पातेल्यांत मिठाचा थर तापवून त्यावर भांडें ठेवावें व झांकण घालून पाऊण तास मंद आंच द्यावी. वरचा रंग थोडा फिका राहतो, एवढेंच. उतरवल्यावर दहा मिनिटें थांबून मगच कापावें, नाहींतर थर ओघळतात.

पट्ट्या वहिनींनीं स्वतः लाटल्या, नातवानें थर रचले. पहिला घास घेऊन तो प्रामाणिकपणें म्हणाला, "खिम्याची चव नाहीं, पण पट्ट्या बाहेरच्यांपेक्षां सरस आहेत." वहिनींनीं मात्र पदार्थ चाखला नाहीं. त्या नेहमींप्रमाणें वरणभातच जेवल्या. परंतु पंगतींत नातवाशेजारीं बसून. घर एकत्र राहावयास सर्वांच्या पानांत एकच पदार्थ असावा लागत नाहीं. पानें एका ओळींत असलीं म्हणजे पुरे.