डिस्क रिकामी, तरी जागा नाही

जुन्या युनिक्स सर्व्हरवर नवी फाइल तयार होईनाशी होते, पडद्यावर ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो आणि डिस्क भरली असे समजून फाइली पुसायला सुरुवात होते. घाई इथेच नडते. हा संदेश त्रुटी क्रमांक 28 चा, आणि तो दोन वेगळ्या टंचाईंना सारखाच लागू आहे. मजकूर ठेवायचे ब्लॉक संपले तरी हाच संदेश, आयनोड संपले तरी हाच. त्यामुळे नेमके काय संपले ते आधी शोधायचे आणि मगच फाइलींना हात लावायचा.

आयनोडचा हिशेब

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या युनिक्समध्ये शेताला जसा सातबारा, तसा प्रत्येक फाइलला आयनोड असतो. फाइलचा मालक कोण, आकार किती, परवानग्या कोणत्या, शेवटचा बदल कधी झाला आणि मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे सारे त्यात असते. नाव तेवढे डिरेक्टरीत राहते. 1979 च्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीतली एक नोंद 16 बाइटची होती: 14 बाइट नावाला, 2 बाइट आयनोडच्या क्रमांकाला. दोन बाइटांत 65,535 च्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणजे डिस्क कितीही मोठी असली, तरी एका फाइल सिस्टिमवर त्याहून जास्त फाइली राहूच शकत नाहीत. 1990 च्या दशकात भारतातल्या बँकशाखांत रुळलेल्या एससीओ युनिक्सच्या जुन्या फाइल सिस्टिमलाही हीच मर्यादा होती.

ही मर्यादा किती लवकर गाठली जाते, ते उदाहरणाने कळते. दौंड तालुक्यातल्या राहूचा परिसर उसाचा. अशा पट्ट्यातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, समजा, असा सर्व्हर आहे आणि उसाच्या प्रत्येक खेपेची पावती तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. दिवसाला 500 खेपा आणि 130 दिवसांचा गाळप हंगाम धरला, तर 65,000 फाइली झाल्या; त्यात इतर फाइली मिळवल्या, की मर्यादा संपते. अर्ध्या किलोबाइटची पावतीही एक किलोबाइटचा पूर्ण ब्लॉक अडवते, म्हणजे सगळ्या मिळून सुमारे 64 मेगाबाइट. फाइल सिस्टिम 200 मेगाबाइटची असेल, तर दोन तृतीयांश डिस्क मोकळी असताना हंगाम सरता सरता काटा बंद पडतो.

अशा वेळी पहिली आज्ञा ‘डीएफ’. सिस्टिम फाइव्ह वंशातल्या युनिक्सवर ती मोकळे ब्लॉक आणि मोकळे आयनोड एकाच ओळीत दाखवते. इतर बऱ्याच ठिकाणी तिला ‘आय’ हा पर्याय जोडावा लागतो. ब्लॉक भरपूर आणि आयनोड शून्य दिसले, की मोठी फाइल शोधून पुसण्यात अर्थ नाही, कारण त्याने एकच आयनोड सुटतो. बारीक फाइलींचा ढीग कुठल्या डिरेक्टरीत आहे ते ‘फाइंड’ने शोधावे लागते. तो एका झटक्यात पुसू पाहिला, तर आज्ञेला दिलेल्या नावांची यादी फार लांब झाल्याची तक्रार येते. जुन्या युनिक्सवर या यादीला काही हजार बाइटचीच मर्यादा असे, म्हणून पुसण्याचे कामही ‘फाइंड’कडेच सोपवायचे.

आयनोडांची संख्या फाइल सिस्टिम तयार करतानाच ठरते. ती कायमची वाढवायची, तर सगळ्याचा बॅकअप घेऊन फाइल सिस्टिम नव्याने बांधावी लागते. दोन बाइटांची मर्यादा गाठलेली असेल, तर तोही उपाय चालत नाही. मग फाइली दुसऱ्या फाइल सिस्टिमवर हलवायच्या.

पुसली, पण जागा सुटली नाही

ब्लॉक संपले असतील, तर संशय आधी लॉग फाइलींवर, कोसळलेल्या प्रोग्रॅमने मागे टाकलेल्या ‘कोअर’ फाइलींवर, टपालाच्या आणि छपाईच्या रांगांवर आणि तात्पुरत्या डिरेक्टरीवर घ्यावा. ‘डीयू’ कुठली डिरेक्टरी किती जागा खाते ते सांगते. मात्र लॉग पुसूनही ‘डीएफ’चा आकडा हलला नाही, तर ती फाइल एखाद्या प्रोग्रॅमने अजून उघडी ठेवली आहे असे समजावे. ‘आरएम’ फक्त डिरेक्टरीतले नाव काढते. शेवटचे नाव गेल्यावर आणि शेवटच्या प्रोग्रॅमने फाइल बंद केल्यावरच ब्लॉक मोकळे होतात. तोवर ‘डीयू’ला फाइल दिसत नाही आणि ‘डीएफ’ तिची जागा मोजत राहते. उपाय म्हणजे तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करणे. चालू लॉग पुसण्याऐवजी जागच्या जागी रिकामा केला, तर ही वेळ सहसा येत नाही.

टंचाई मेमरीतली

तिसरी टंचाई डिस्कवरची नसतेच. उघड्या फाइलींचा तक्ता युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत ठेवतो आणि जुन्या युनिक्समध्ये त्याचा आकार आधीच ठरलेला असे. सगळ्या यंत्रणेचा तक्ता भरला तर त्रुटी 23, एकट्या प्रोग्रॅमची मर्यादा संपली तर 24. सातव्या आवृत्तीत एका प्रोग्रॅमला एका वेळी 20 फाइलीच उघडता येत. इथे काहीही पुसून उपयोग नसतो. कर्नलमधला हा आकडा वाढवून कर्नल पुन्हा जोडावा लागतो आणि यंत्र नव्याने सुरू करावे लागते.

फाइलींची संख्या मेमरीला कशी भारी पडते, हे जानेवारी 2004 मध्ये मंगळावर दिसले. नासाच्या ‘स्पिरिट’ गाडीवर युनिक्स नव्हते, पण तिच्या फ्लॅश स्मृतीत पृथ्वीवरून निघाल्यापासूनच्या फाइली साचल्या होत्या. त्यांच्या डिरेक्टरींची माहिती मेमरीत मावेना. संगणक बंद होई, सुरू होताना तीच माहिती वाचू लागे आणि पुन्हा बंद पडे. अभियंत्यांनी त्याला फ्लॅशविना सुरू व्हायला लावले, जुन्या फाइली पुसल्या आणि गाडी पुन्हा कामाला लागली.

आधीची तजवीज

1983 च्या बर्कली फाइल सिस्टिमने दहा टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठी राखून ठेवली. सामान्य वापरकर्ते अडले, तरी दुरुस्तीला जागा उरते. जुन्या सिस्टिम फाइव्हमध्ये अशी राखीव जागा नसल्याने तिथे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या ‘क्रॉन’मधून रोज ब्लॉक आणि आयनोड दोन्ही तपासायचे. लॉग, टपाल आणि कामाची माहिती वेगवेगळ्या फाइल सिस्टिमवर ठेवायची, म्हणजे एक भरली तरी बाकीच्या चालतात. आणि काटापावत्यांसारख्या बारीक फाइली महिन्याकाठी ‘टार’ने एका फाइलीत बांधून, ती उघडते याची खात्री करून, मूळ फाइली पुसायच्या. महिन्याच्या 15,000 पावत्या मग एकाच आयनोडवर भागतात.