मुंबईची डोंगरी, इंग्रजांची डंगरी

परवा गुलमंडीत भाचीसाठी कपडे बघत होतो. दुकानदार म्हणाले, "डंगरी दाखवू का?" शब्दांच्या इतिहासाचा मला भारी नाद, म्हणून हे लिहितोय.

हा इंग्रजी शब्द मूळचा आपल्याकडचा! मुंबईतल्या डोंगरीवरून एका जाड्याभरड्या सुती कापडाला हे नाव पडलं, असं कोशकार सांगतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरचं हिमरू कापड म्हणजे रेशीम आणि सुताची नजाकत. डोंगरी कापड मात्र कष्टकऱ्यांचं.

अर्थ कसा बदलला बघा:

🔹 १७वं शतक: व्यापाऱ्यांबरोबर शब्द इंग्रजीत गेला. अर्थ फक्त कापड.

🔹 १९वं शतक: त्या कापडाची विजार. खलाशी आणि कामगार ती वापरायचे.

🔹 २०वं शतक: ब्रिटनमध्ये छाती झाकणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट, अमेरिकेत चक्क निळी जीन्स.

आज डंगरी कुठल्याही कापडाची असते. कापडाचं नाव कपड्याला चिकटलं आणि कापड मागे पडलं. 'खाकी'चंही तसंच: मूळ अर्थ मातीच्या रंगाचा, आता डोळ्यांसमोर येतो पोलिसांचा गणवेश.

असा प्रवास केलेला आणखी कोणता शब्द तुम्हाला माहीत आहे?