मुंबईत घरपोच भाजीसाठी ई-सायकल घेताय? आधी टायर बघा, मग मोटर



दादर, परळ, लालबाग, गिरगाव भागात ई-सायकलवरून भाजी पोचवायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी हा मेसेज वाचा. सायकल घरातला जो चालवणार आहे, त्यालाही पाठवा.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, "मोटर किती वॅटची?" पण मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. म्हणजे या गटात मोटरमध्ये फार फरक नसतोच. फरक पडतो तो धक्के सोसण्यात. "वेग वाढवून देतो" असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा. मग ती कायद्याने मोटारगाडी ठरते.

जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे खालचे रस्ते, पेव्हर ब्लॉक, गटारांची झाकणं आणि पावसाळ्यातले खड्डे चुकत नाहीत. रोज हादरे बसले तर चालवणाऱ्याची कंबर धरते आणि टोमॅटो गिऱ्हाइकाच्या दारात जाईपर्यंत मऊ पडतो.

*काय बघायचं?*

*१. टायर:* रुंदी २ ते २.४ इंच असावी. ४ इंची जाड टायर मऊ चालतो, पण सायकल जड होते आणि चाळीच्या जिन्यावरून चढवताना दम निघतो.

*२. हवा:* टायरच्या कडेला मर्यादा छापलेली असते. अगदी वरच्या आकड्यापर्यंत भरली तर सायकल उडते, फार कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. मधला आकडा धरा, माल असेल तेव्हा मागच्या चाकात थोडी जास्त. काटा असलेला पंप घरी ठेवा.

*३. पुढचे शॉकअप:* पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोर द्या. दबून सावकाश वर आले तर ठीक. खट्‌ आवाज आला तर दुसरी सायकल बघा.

*४. बसणं:* हँडल उंच, सीट रुंद. वाकून चालवावं लागलं तर सगळा भार मनगटावर येतो.

*५. बॅटरी:* मधल्या दांड्यावर असावी आणि काढता यावी, म्हणजे वर खोलीत नेऊन चार्ज करता येते. मागे बॅटरी आणि मागेच क्रेट असेल तर मागच्या चाकाच्या तारा तुटतात. कॅरिअरवर किती किलो लिहिलंय ते वाचा. बऱ्याच ठिकाणी २५ किलोच असतं.

*६. ब्रेक:* पावसासाठी दोन्ही चाकांना डिस्क.

*हिशोब करा:* ३६ व्होल्ट × १० अँपिअर-तास = ३६० वॅट-तास. पायडल न मारता, माल लादून, किलोमीटरला १५ ते २० वॅट-तास धरा. म्हणजे १८ ते २४ किमी. दादर–गिरगाव जाऊन-येऊन साधारण १६ किमी. एक फेरी आरामात, दुसरीला पायडल मारावं लागेल.

शेवटचं सांगणं: ट्रायल गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. २० किलोची गोणी मागे बांधा, दुकानाजवळच्या खराब गल्लीतून १५ मिनिटं चालवा. कंबर आणि मनगट काय सांगतात ते ऐका, मगच पैसे द्या.